काखेत कळसा

आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएमधून दिवसभरात हजारो अक्षरं गळून पडतात. त्यासाठी तंबाखू लागत नाही, किरणं लागत नाहीत. भोवतालचं पाणी आणि अंगातली ३७ अंशांची ऊब एवढंच पुरतं. टोमास लिंडाल यांनी १९७०च्या दशकात हा हिशोब मांडला, तेव्हा त्यातून निघणारा प्रश्न साधा होता: रोज इतकी पडझड होते, तर आपण अजून शाबूत कसे? आत कुणीतरी अखंड डागडुजी करत असणार. ती कशी चालते हे उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तोंडाच्या कर्करोगाबद्दल वाचताना ही डागडुजी मला सारखी दोन वेगवेगळ्या वेषांत भेटते. आधी ती हरते म्हणून रोग होतो. मग ती जिंकते म्हणून उपचार हरतो. नॅनोकणांवरचं संशोधन या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उभं आहे, आणि तिथं औषधाच्या ताकदीपेक्षा मोठा प्रश्न पत्त्याचा आहे: औषध नेमकं कुठे पोचतं, आणि किती वाजता.

गालाच्या आतलं अस्तर जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. त्यात पेशींचे ४०-५० थर. वरचे थर झडत राहतात आणि तळाच्या पेशी विभागून भरपाई करत राहतात. प्रत्येक विभाजनात सुमारे ६०० कोटी अक्षरजोड्यांची नक्कल करायची असते. नक्कल सुरू होण्याआधी बिघाड दुरुस्त झाला तर ठीक; नाही झाला तर तो कायमचा मजकूर होतो. तोंडात पडणारी विषं नेमकी या घाईच्या जागी पडतात.

तंबाखूतल्या नायट्रोसअमाइनचंच बघा. मूळ रेणू फारसा घातक नसतो. पेशीतली एन्झाइम त्याची विल्हेवाट लावायला जातात आणि त्या खटाटोपात तो डीएनएला चिकटणारा होतो. ग्वानिन या अक्षराच्या एका ऑक्सिजनवर इवलासा मिथाइल गट बसला की ते ग्वानिन नकलेच्या वेळी सायटोसिनऐवजी थायमिनशी जोडी जमवू लागतं. हा मिथाइल उचलायला पेशीकडे एमजीएमटी नावाचं प्रथिन आहे. त्याची काम करण्याची तऱ्हा विलक्षण आहे. ते मिथाइल स्वतःच्या अंगावर घेतं, पण तो पुन्हा उतरवता येत नाही. एक बिघाड, एक रेणू खलास. हा साठा रोज भरावा लागतो. माऱ्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा वाढला की शिल्लक संपते, आणि पुष्कळ गाठींमध्ये तर एमजीएमटीच्या जनुकालाच कुलूप लागलेलं सापडतं. धुरातल्या बेंझोपायरीनसारख्या अवजड रेणूंची तऱ्हा आणखी वेगळी. ते डीएनएच्या पिळाला फुगवटा आणतात आणि मग फुगवट्याच्या आजूबाजूची २४ ते ३२ अक्षरं कापून टाकून तो तुकडा नव्यानं विणावा लागतो.

सुपारी हे स्वतंत्र प्रकरण आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली तिला तंबाखूविनाही पहिल्या गटातलं कर्ककारक ठरवलं. चुन्यामुळे माध्यम आम्लारी झालं की सुपारीतल्या पॉलिफेनॉलचं ऑक्सिडीकरण होऊन आक्रमक ऑक्सिजनकण तयार होतात. ते ग्वानिनचं ऑक्सिडीकरण करतात. शिवाय सुपारीतलं ॲरेकोलिन हे द्रव्य p53 या राखणदार प्रथिनाची पातळी आणि डीएनए दुरुस्ती दोन्ही दाबतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणजे एकीकडे घराला भगदाड आणि त्याच वेळी गवंडी रजेवर.

मद्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं आणि ते डीएनएच्या दोन धाग्यांना आडवा टाका घालू शकतं. असा टाका उसवणारी जी यंत्रणा आहे ती फॅन्कोनी ॲनिमिया या दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या नावानं ओळखली जाते. ज्यांच्यात ती जन्मतः मोडलेली असते त्यांना तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा शेकडो पट असतो, तोही तरुण वयात, बहुतेकदा तंबाखूशी काही संबंध नसताना. आणि गाठ झाली की सिस्प्लॅटिन हे नेहमीचं औषध नेहमीच्या मात्रेत देता येत नाही, कारण ते औषध असे आडवे टाकेही घालतं आणि या रुग्णांच्या निरोगी पेशींनाही ते टाके उसवता येत नाहीत. ज्या मोडतोडीमुळे रोग झाला तीच उपचाराची वाट अडवते. या विषयातला सगळा पेच मला या एका आजारात दाटून आलेला दिसतो.

इतरांमध्ये ही कथा हळू चालते. १९५३ साली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या गाठी काढल्यावर भोवतालचं वरकरणी निरोगी अस्तर तपासलं. तेही बिघडलेलंच होतं. त्यांनी त्याला क्षेत्रव्यापी कर्करोगीकरण म्हटलं. गाठ हे शेतातलं एक झुडूप, माती सगळीच बदललेली. म्हणून शस्त्रक्रियेत कडा स्वच्छ मिळाल्या तरी काही वर्षांनी शेजारी दुसरी गाठ उगवते. एचपीव्ही विषाणूशी संबंध नसलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगांपैकी ८० टक्क्यांहून अधिक गाठींत टीपी५३ हे जनुक मोडलेलं असतं. त्या जनुकाचं प्रथिन p53 हा पेशीतला थांबवणारा हात आहे. डीएनए तुटला तर नक्कल थांबव, दुरुस्तीला वेळ दे, दुरुस्ती जमत नसेल तर पेशी संपव, असं तो सांगतो. तो गेला की मोडक्या मजकुराची पेशी न थांबता विभागत जाते.

आता उपचाराकडे वळू, कारण इथं पारडं फिरतं.

रेडिएशन, ज्याला बोलण्यात शेक म्हणतात, ते एकेका ग्रेमागे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) प्रत्येक पेशीत साधारण १,००० एकेरी आणि २५ ते ४० दुहेरी तूट करतं. एकेरी तुटींची पेशीला फिकीर नसते. समोरचा धागा शाबूत असतो, त्याबरहुकूम जोड लागते. जीव जातो तो दुहेरी तुटींनी. शस्त्रक्रियेनंतर रोज २ ग्रे, आठवड्याचे ५ दिवस, असे ३० ते ३३ हप्ते देतात. एकूण ६० ते ६६ ग्रे. हे हप्ते पाडण्यामागचं गणितच दुरुस्तीचं आहे: दोन हप्त्यांमधल्या वेळात निरोगी पेशी सावराव्यात आणि गाठीच्या पेशी थोड्या कमी सावराव्यात. फरक थोडाच असतो. ३० वेळा गुणला की तो मोठा होतो. मधले हप्ते चुकले की उपचार फसतो तो याच कारणानं. त्या फटीत गाठीला दुरुस्तीला आणि वाढीला सवड मिळते.

सिस्प्लॅटिनचा शोध बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ साली अपघातानं लागला. विद्युतक्षेत्राचा जीवाणूंवर परिणाम तपासताना प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून सुटलेल्या संयुगानं जीवाणूंचं विभाजन थांबलं. शेकाबरोबर ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम या मात्रेनं ३ आठवड्यांनी, किंवा ४० मिलिग्रॅम दर आठवड्याला देतात. ते बहुतांशी एकाच धाग्यावरच्या शेजारच्या दोन ग्वानिनना बांधतं. हा बंध सोडवणारी कात्री म्हणजे ईआरसीसी१ आणि एक्सपीएफ ही प्रथिनांची जोडी. कात्री धारदार असेल तर कर्करोगाची गाठ टिकते. औषध वाढवावं म्हटलं तर मूत्रपिंडं, कान आणि नसा आड येतात. रुग्णाला शिटीसारखा आवाज कानात कायमचा ऐकू येऊ लागणं हा या मात्रेचा खरा कुंपणदगड आहे.

म्हणून कल्पना आली, मारा वाढवण्याऐवजी दुरुस्ती अडवावी. पार्प हे एकेरी तुटींवर पहिलं धावून येणारं प्रथिन. ओलापॅरिब हे औषध त्याला तुटीवरच चिकटवून ठेवतं. नक्कल करणारी यंत्रणा त्या अडथळ्यावर आदळली की एकेरी तूट दुहेरी होते. २००५ साली दोन गटांनी दाखवलं की बीआरसीए जनुकं मोडलेल्या पेशी यानं सहज मरतात, कारण त्यांच्याकडे दुहेरी तूट बिनचूक जोडण्याची सोय नसते. तोंडाच्या कर्करोगात बीआरसीए क्वचितच मोडलेलं असतं, त्यामुळे तो सोपा विजय इथं मिळत नाही. इथली कमजोरी दुसरी आहे. p53 गेल्यामुळे तपासणीचं पहिलं नाकं उठलेलं असतं आणि पेशी विभाजनाच्या ऐन तोंडावरच्या दुसऱ्या नाक्यावर विसंबून असते. ते नाकं वी-वन, एटीआर, सीएचके१ ही प्रथिनं चालवतात. ती अडवली की मोडका डीएनए घेऊन पेशी तशीच विभाजनात शिरते आणि फुटते. पहिलं नाकं शाबूत असलेली निरोगी पेशी तुलनेनं बचावते. तुलनेनं हा शब्द महत्त्वाचा.

कारण सुक्याबरोबर ओलंही जळतं. ओलापॅरिबची एरवीची मात्रा ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. डोक्या-मानेच्या कर्करोगात शेक आणि सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड-औषध यांच्या जोडीनं ते दिलं, तेव्हा पुढच्या टप्प्यासाठी शिफारस करण्याजोगी मात्रा निघाली २५ मिलिग्रॅम दोनदा. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. किरणांच्या वाटेतली निरोगी त्वचा आणि अस्तरही त्याच दुरुस्तीवर जगत होतं, तेच औषधानं काढून घेतलं. औषधाची ताकद इथं अडचणीची ठरली, कमतरता होती ती नेमकेपणाची.

नॅनोकणांची कल्पना इथं येते. १ ते १०० नॅनोमीटरच्या आसपासचा कण, आत औषध, बाहेर संरक्षक आवरण. १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथं शिरलेले मोठे रेणू लवकर बाहेर पडत नाहीत. त्यावरून सगळ्यांना वाटलं, कण शिरेतून सोडले की ते आपोआप गाठीत साचतील. २०१६ साली स्टीफन विल्हेल्म आणि सहकाऱ्यांनी आधीच्या १० वर्षांतले ११७ शोधनिबंध एकत्र तपासले. टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोचलेल्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के. तेही बहुतेक उंदरांत, जिथं गाठ शरीराच्या मानानं प्रचंड असते.

बाकीचे कण जातात कुठे? ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर मूत्रपिंडातून बाहेर. मोठे असतील तर यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात. रक्तात शिरताच कणाभोवती रक्तातल्या प्रथिनांचं कवच जमतं आणि त्याचा मूळ पृष्ठभाग झाकला जातो. कणावर हौसेनं बसवलेला पत्ता, म्हणजे कर्कपेशींवरच्या ईजीएफआर या ग्राहकाला चिकटणारी प्रतिपिंडं वगैरे, त्या कवचाखाली गाडला जातो. चित्रात ते रंगीत काटे बाहेर डोकावताना दिसतात. रक्तात त्यांच्यावर गोधडी पसरलेली असते.

आणि इथं मला आपली म्हण आठवते, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोंडाची गाठ बोटानं चाचपता येते. आरशात दिसते. तिच्यावर औषध ठेवता येतं, तिच्यात सुई घालता येते, आठवड्यानं तिचा तुकडा काढून आत काय झालं ते बघता येतं. स्वादुपिंडाच्या किंवा मेंदूच्या गाठीवर काम करणाऱ्यांना यातलं काही मिळत नाही. तरीही तोंडाच्या कर्करोगावरचे ढीगभर शोधनिबंध उंदरांच्या शेपटीच्या शिरेतून कण सोडतात आणि ०.७ टक्क्याच्या वळशाला निघतात. यामागचं कारण सवयीचं आहे असं मला वाटतं. इतर गाठींसाठी बसवलेली घडी तोंडावर तशीच ठेवून दिलेली आहे.

अर्थात जवळून जाणंही सोपं नाही. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ती गिळली जाते. वर ठेवलेलं काहीही काही मिनिटांत पोटात जाऊ शकतं. लाळेतलं म्यूसिन ऋणभारित, म्हणून धनभारित कण त्याला चिकटतात. यासाठी सगळ्यांचं लाडकं द्रव्य म्हणजे खेकडे-कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान. ते करायला अवघड नाही, बिघडवायला त्याहून सोपं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

१ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कायटोसान रात्रभर ढवळून विरघळवायचं, गाळायचं, सामू ४.७ ते ५च्या दरम्यान आणायचा. मग त्यात ट्रायपॉलिफॉस्फेटचं पाणी थेंबाथेंबानं, ढवळणं न थांबवता. कायटोसान आणि ट्रायपॉलिफॉस्फेटचं वजनी प्रमाण ३:१ ते ५:१. द्रावण निळसर धुरकट दिसलं की कण झाले. दुधासारखं पांढरं झालं किंवा तळाशी कापसासारखं बसलं तर फॉस्फेट जास्त झालं किंवा घाईनं ओतलं. असा घाणा वाचवण्याच्या फंदात पडू नये, टाकून द्यावा. कायटोसानच्या पिशवीवरचा ॲसिटाइल काढल्याचा टक्का आणि रेणुभार दर खेपेला बघावा. पुरवठ्याची खेप बदलली की तेच प्रमाण वेगळा आकार देतं. अपकेंद्री यंत्रात फार जोरात फिरवले तर कण तळाशी असे बसतात की पुन्हा सुटे होत नाहीत. कोरडे करायचे तर ट्रेहॅलोजसारखी साखर घालून गोठवून वाळवावेत, नाहीतर बर्फाचे स्फटिक त्यांना एकमेकांवर चेपतात.

मोठी फसगत पुढे होते. हे सुबक कण सामू ७.४च्या खारट बफरमध्ये टाकले की गोळे होऊन बसतात. कायटोसानवरचा धनभार सामू ६.५च्या वर ओसरतो आणि क्षार उरलेला भार झाकतात. पाण्यात मोजलेला १५० नॅनोमीटरचा आकार शोधनिबंधात छापला जातो आणि पेशींवर पडलेला कण प्रत्यक्षात कित्येक पट मोठा असतो. आकार ज्या द्रवात वापरणार त्यातच मोजायला हवा. लाळेत वापरणार असाल तर लाळेत, आणि लगेच, एका तासानं, चार तासांनी असं तीनदा.

सिस्प्लॅटिनची आणखी एक खोड आहे. त्याला भोवती क्लोराइड लागतं. पेशीबाहेर क्लोराइडचं प्रमाण सुमारे १०० मिलिमोलर असतं, म्हणून ते शांत राहतं. आत ते खूप कमी, म्हणून तिथं क्लोराइड सोडून पाणी धरतं आणि डीएनएला बांधायला तयार होतं. नुसत्या पाण्यात विरघळवून ठेवलं तर हा बदल बाटलीतच होतो. आणि डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवलं तर तो द्रावकच प्लॅटिनमला बांधला जातो आणि औषध निकामी होतं. किती प्रयोगांत हा द्रावक वापरलेला असतो, ते पद्धतीच्या परिच्छेदात शोधून बघा. मग 'सिस्प्लॅटिनपेक्षा आमचे कण दहापट प्रभावी' या वाक्यातली हवा निघते, कारण तुलनेतला पैलवान आधीच बेशुद्ध केलेला असतो.

या सगळ्या अडचणी ओलांडून रुग्णापर्यंत गेलेलं एक उदाहरण आहे. सिस्प्लॅटिन भरलेले कायटोसान-कण एका छोट्या चकतीत बसवलेले, चकतीची गाठीकडची बाजू सच्छिद्र आणि लाळेकडची बाजू अभेद्य. आधी अस्तरात वाट मोकळी करणारं द्रव्य लावायचं, मग चकती गाठीवर चिकटवायची. या चकतीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आले. सुमारे आठवडाभरात गाठींचं आकारमान सरासरी दोन तृतीयांशानं घटलं आणि रक्तात प्लॅटिनम नगण्य सापडलं. रुग्ण मोजकेच होते, आणि गाठ आक्रसणं म्हणजे आयुष्य वाढणं नव्हे. पण मला त्यातली अभेद्य पाठ फार आवडते. तिच्यात कुठलीही नॅनो-जादू नाही, लाळेला दार बंद करणारी ती एक साधी फळी आहे, आणि माझ्या मते निम्मं यश तिचं आहे.

दुरुस्ती अडवायची तर मात्र सिस्प्लॅटिन ठेवून भागत नाही, दुरुस्तीच्या प्रथिनांनाच गाठावं लागतं. त्यासाठी लहान आरएनए, म्हणजे एसआयआरएनए, मेदाच्या कणांत भरून पाठवतात. २०१८ साली मंजूर झालेल्या पॅटिसिरान या एसआयआरएनए-औषधाची कृती आता जवळजवळ पाठ्यपुस्तकी आहे: आयनीभवनक्षम मेद, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेगयुक्त मेद ५० : १० : ३८.५ : १.५ या रेणुप्रमाणात अल्कोहोलमध्ये, आरएनए सामू ४च्या बफरमध्ये, आणि दोन्ही प्रवाह अगदी बारीक नळीत १ : ३ प्रमाणात झपाट्यानं मिसळायचे. मग अल्कोहोल काढून सामू ७.४वर आणायचं. हातानं पिपेटनं मिसळलं तर कण होतात, पण लहानमोठे. आकाराची विषमता दाखवणारा आकडा ०.२च्या वर गेला की त्या खेपेवरून निष्कर्ष काढू नये.

पेशीनं कण गिळला तरी तो एंडोसोम नावाच्या पिशवीत अडकतो. २०१३ साली मोजलेल्या हिशोबानुसार अशा कणांतला आरएनए त्या पिशवीतून बाहेर पडतो तो १ ते २ टक्के. बाहेर पडल्यावरही आरएनए फक्त नवं प्रथिन बनणं थांबवतो. आधीचं प्रथिन झिजायला एक ते तीन दिवस लागतात. कू नावाचं प्रथिन दुहेरी तुटीचं टोक पकडतं. ते एकेका मानवी पेशीत लाखांच्या घरात असतं. त्याचं उत्पादन ९० टक्के बंद केलं तरी उरलेले हजारो रेणू पन्नास-शंभर तुटींना भरपूर होतात. म्हणजे लक्ष्य निवडताना 'महत्त्वाचं' प्रथिन शोधण्यापेक्षा 'तुटपुंजं' प्रथिन शोधणं शहाणपणाचं. एटीएम, डीएनए-पीके यांच्यासारख्या दुरुस्तीतल्या एन्झाइमना लहान रेणूनं अडवणं बहुधा अधिक फळतं, कारण तो रेणू हजर असलेल्या प्रथिनाचंच तोंड बंद करतो.

वेळेचं गणित त्याहून कठोर आहे. शेक संपल्यावर दुहेरी तुटींपैकी मोठा हिस्सा पहिल्या तासाभरात जोडला जातो, उरलेल्या अवघड तुटी पुढच्या काही तासांत. दुरुस्ती अडवणारं औषध किरणांच्या वेळी पेशीत हजर नसेल तर ते वरातीमागून घोडं ठरतं. जो कण औषध ७२ तासांत संथपणे सोडतो त्याचा आलेख देखणा असतो, पण रोजच्या हप्त्याच्या पहिल्या तासात त्यातून पुरेसं औषध सुटतं का, हे वेगळं पाहायला हवं. सोडण्याचा आलेख आणि शेकाचं वेळापत्रक एकाच कागदावर काढलेले निबंध मला फार थोडे दिसले आहेत.

धातूचे कण हा वेगळा मार्ग आहे. तिथं दुरुस्ती अडवायची नसते, गाठीत तुटी वाढवायच्या असतात. २००४ साली हेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १.९ नॅनोमीटरचे सोन्याचे कण उंदरांना देऊन क्ष-किरण दिले. वर्षभरानं ८६ टक्के उंदीर जिवंत होते, नुसते किरण मिळालेल्यांतले २० टक्के. आकडा जगभर गाजला. दोन गोष्टी कमी गाजल्या. सोनं किलोमागे २.७ ग्रॅमपर्यंत दिलेलं होतं. ७० किलोच्या माणसाला हा हिशोब १८९ ग्रॅमवर जातो. आणि किरण २५० किलोव्होल्टचे होते. जड अणू क्ष-किरण जास्त शोषतात ते या कमी ऊर्जेवर. रुग्णालयातलं यंत्र ६० लाख व्होल्टच्या घरात चालतं आणि तिथं हा फायदा कितीतरी उतरतो.

हाफ्नियम ऑक्साइडच्या सुमारे ५० नॅनोमीटरच्या कणांनी वळसा टाळला. ते शिरेत सोडत नाहीत, शेक सुरू होण्यापूर्वी एकदाच थेट गाठीत टोचतात. डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी ठरलेली मात्रा गाठीच्या आकारमानाच्या २२ टक्के, म्हणजे १० मिलिलिटरच्या गाठीला २.२ मिलिलिटर. सिस्प्लॅटिन सोसणार नाही अशा वयस्क रुग्णांमध्ये त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२२ साली सुरू झाली. टोचलेल्या गाठीच्या जागी पुढच्या स्कॅनमध्ये कण पांढरेशुभ्र उठून दिसतात, त्यामुळे ते कुठे पसरले आणि कुठला कोपरा कोरडा राहिला हे डोळ्यांनी तपासता येतं. शिरेतल्या कणांबद्दल अशी खात्री करून घ्यायला सहसा सोयच नसते.

प्रयोगशाळेतल्या दाव्यांबद्दल दोन शब्द. पेशी मेल्या की नाही हे बघायला सर्रास एमटीटी चाचणी वापरतात, जिचा जांभळा रंग ५७० नॅनोमीटरला मोजतात. सोन्याचे कण स्वतःच ५२० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात आणि शोषणाची शेपटी पुढे जाते. कर्क्युमिनची तर आणखी गंमत: ते रंगीत, ते चमकतं, आणि प्रथिनं नसलेल्या सामू ७च्या बफरमध्ये अर्ध्या तासात बहुतांशी विघटित होतं. पेशीविना नुसते कण घातलेली रांग ताटलीत नसेल तर तो आकडा सोडून द्यावा. शिवाय डीएनए तुटलेली पेशी ४८ तासांत मरतेच असं नाही. ती दोन-तीन विभाजनं करून मग थांबते. म्हणून वसाहत चाचणी हवी: ताटलीच्या एका खळग्यात २०० ते ५०० पेशी, १० ते १४ दिवस, आणि ५०हून अधिक पेशींचा पुंजका झाला तरच तो मोजायचा.

तुटी मोजायला गॅमा-एच२एएक्स या, तुटीपाशी खूण म्हणून उमटणाऱ्या प्रथिनाचे ठिपके बघतात. तुटीनंतर काही मिनिटांत ते उमटतात, अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वाधिक होतात. अर्ध्या तासाला ठिपके दुप्पट दिसले तर मारा वाढला. २४ तासांनीही ते उरले तर दुरुस्ती अडली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच वेळेचं चित्र छापून दुसऱ्याचा दावा करता येत नाही. कॉमेट चाचणीत तुटलेला डीएनए शेपटीसारखा सरकतो. पण मरू घातलेल्या पेशींचा डीएनए तसाही चिंध्या झालेला असतो आणि डोकं हरवून नुसती शेपटी दिसते. तिला दुरुस्तीच्या हिशोबात धरलं की सगळा निष्कर्ष तिरका होतो.

थेट गाठीवर इलाज करण्याची हद्द मात्र गळ्याशी येऊन थांबते. तोंडाचा कर्करोग मानेतल्या लसिका गाठींत जातो, आणि कधी हाताला काही लागायच्या आधी जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या चाचणीनं २०१५ साली हे आकड्यांत दाखवलं: सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत, रोग दिसल्यावर काढल्या तर ६७.५ टक्के. गालावर लावलेली चकती काही मिलिमीटर आत पोचते. मान तिच्या आवाक्याबाहेर.

पण कणांचा आकार इथं कामाला येतो. अस्तराखाली टोचलेला लहानसा कण रक्तवाहिनीत न शिरता लसिकेच्या प्रवाहात पडतो आणि त्याच गाठींकडे निघतो, जिकडे कर्कपेशी गेल्या असत्या. टिलमॅनोसेप्ट हा सुमारे ७ नॅनोमीटरचा किरणोत्सारी रेणू गाठीभोवती टोचून मानेतली पहिली लसिका गाठ शोधायला वापरतात. तोंडाच्या कर्करोगासाठी त्याला अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली. तो त्या गाठीतल्या भक्षक पेशींच्या मॅनोज-ग्राहकाला धरून तिथंच थांबतो. आज तो फक्त पत्ता सांगतो. त्याच वाटेनं दुरुस्ती अडवणारं औषध पाठवण्याचे प्रयोग प्राण्यांवर चालू आहेत. एक अडचण आताच दिसते: लसिका गाठ कर्कपेशींनी गच्च भरली की तिच्यात शिरणारा प्रवाहच बंद पडतो आणि कण वळसा घालून शेजारच्या रिकाम्या गाठीत जाऊन बसतो.